भर पावसातले फवारे आणि माझी सही

२८ जून २०२४ च्या पहाटे दिल्लीत पाऊस असा कोसळला की सफदरजंगच्या वेधशाळेने २४ तासांत २२८.१ मिलिमीटरची नोंद केली. जून महिन्यात एका दिवसात एवढा पाऊस या शहराने १९३६ नंतर पाहिला नव्हता. आमच्या द्वारकेत तो त्या मानाने कमी पडला, तरी गृहसंकुलाच्या फाटकाशी घोटाभर पाणी साचले होते. साडेपाचच्या सुमारास मी सज्जात येऊन उभा राहिलो आणि खाली जे दिसले त्यावर क्षणभर विश्वास बसेना. हिरवळीतून फवाऱ्यांची तोंडे एकामागून एक वर आली आणि धो धो पावसात नेमाने गोल फिरत पाणी उडवू लागली. हिरवळीच्या कडेला आमचा माळी खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभा होता.

मी छत्री घेऊन खाली गेलो. फवारे बंद का करत नाहीस, असे विचारले. त्याने भिंतीवरच्या राखाडी पेटीकडे बोट दाखवले. "साहब, ताला ठेकेदार का है।"

वाचकहो, ज्या महिन्यात हे घडले त्याच महिन्यात दिल्लीत टँकरभोवती झुंबड उडत होती. हरियाणाकडून पाणी मिळावे म्हणून दिल्लीच्या तत्कालीन जलमंत्र्यांनी २१ जूनपासून उपोषण आरंभले होते आणि प्रकरण त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात पोहोचले होते. त्या वादात मी पडणार नाही. सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम १९६४ सालचे असले तरी अजून जिवंत आहेत. मला बोलायचे आहे ते कुणाच्याही नियमात न बसणाऱ्या एका क्षुल्लक वस्तूविषयी. ती वस्तू त्या राखाडी पेटीला जोडलेली असती तर फवारे आपोआप थांबले असते.

तिला रेन सेन्सर म्हणतात. आमच्या परिभाषाकारांनी तिला पर्जन्यसंवेदक असे काहीतरी नाव दिलेही असेल, पण ज्या वस्तूसाठी शब्द घडवावा लागतो आणि वस्तू मात्र कुठे दिसत नाही तिथे शब्दाचा फारसा उपयोग नाही. मुठीत मावेल एवढी डबी असते. तिच्यात बुचाच्या लाकडासारख्या दिसणाऱ्या, पाणी शोषणाऱ्या चकत्यांची चळत असते. पाऊस पडला की चकत्या फुगतात, वरची कळ दाबतात आणि झडपांकडे जाणारा विजेचा प्रवाह तुटतो. झडपा मिटतात. ऊन पडले, चकत्या वाळल्या की कळ सुटते आणि नेहमीचे वेळापत्रक पुन्हा सुरू होते. किती पाऊस पडल्यावर थांबायचे हे डबीची टोपी फिरवून ठरवता येते, साधारण तीन मिलिमीटरपासून पुढे. तिला ना संगणक लागतो, ना इंटरनेट. पावसाळ्याच्या दिवसांत दमट हवेने दार चौकटीत अडकते ना, तेच तत्त्व येथे कामाला लावले आहे.

आता कबुलीजबाब. आमच्या संकुलातील बागेसाठी स्वयंचलित सिंचन बसवायचे ठरले ते २०२२ साली. तीन निविदा आल्या. तिघांच्याही यादीत एक ओळ होती, 'रेन सेन्सर, १ नग, ऐच्छिक'. किंमत साडेचार हजार रुपये. एकूण काम सव्वासहा लाखांचे. खरेदी उपसमितीत मी होतो, कारण सरकारी अधिकाऱ्याला निविदांचे कळते असा आमच्या शेजाऱ्यांचा गोड गैरसमज आहे. तिन्ही निविदा समान पायावर आणण्यासाठी 'ऐच्छिक' बाबी वगळाव्यात, असे मीच सुचवले. तीस वर्षे न्यूनतम दराचे तौलनिक तक्ते तपासून हाताला जी सवय लागते तिनेच ते सुचवले. त्या तक्त्यावर तीन सह्या आहेत. तिसरी माझी आहे.

त्याच ठरावात बचतीचे आणखी एक कलम होते. यंत्र आल्यावर तीन माळ्यांची गरज उरणार नाही. दोघांना कमी करण्यात आले.

हे दोन निर्णय एकत्र वाचा म्हणजे आपण काय केले ते कळते. ते तिघे माळी बदायूंकडचे. हातात रबरी नळी असे आणि डोळे आभाळाकडे. पुरवा सुटला की नळी गुंडाळून ठेवत, आज पाणी देत नाही म्हणत. माझे गाव प्रवरेच्या पाटाखालचे. माझे चुलते रात्री दारे धरायला जात आणि पाळी चालू असताना पाऊस आला तर त्याच अंधारात खोऱ्याने दार मोडून पाणी ओढ्याला काढून देत. उभ्या पिकात पाणी साचले तर काय होते ते त्यांना सांगावे लागत नसे. पाणी देणे म्हणजे पाणी कधी द्यायचे नाही हे जाणणे. आम्ही ते जाणणारी माणसे काढली, त्यांच्या जागी घड्याळ बसवले आणि त्या घड्याळाला पाऊस कळावा म्हणून जे एकमेव इंद्रिय मिळत होते ते साडेचार हजारांसाठी कापून टाकले. उरलेल्या माळ्याला अद्याप पाऊस कळतो, पण किल्ली त्याच्याकडे नाही. ती त्याला दिली तर यंत्राची हमी संपुष्टात येते, असे करारात लिहिले आहे.

या एका बागेचा हिशेब पाहा. हिरवळ सुमारे दोन हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचे यंत्र रोज पाच मिलिमीटर देते, म्हणजे दहा हजार लिटर, एक मोठा टँकर. दिल्लीत वर्षाला पस्तीस-चाळीस दिवस बऱ्यापैकी पाऊस पडतो. माती वाळेपर्यंतचे दिवस त्यात धरले तर सत्तर दिवस पाणी देण्याचे कारण नसते. सत्तर टँकर, सात लाख लिटर. दिल्लीत २०१३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या मोफत पाण्याच्या योजनेत एका कुटुंबाला महिन्याला वीस हजार लिटर धरले होते. म्हणजे एका संकुलाची ओली हिरवळ पस्तीस कुटुंबांचे महिन्याचे पाणी पिऊन टाकते. आमच्या भूमिगत टाकीत नळाचे पाणी आणि उन्हाळ्यात विकत घेतलेले टँकरचे पाणी एकत्रच येते, त्यामुळे हे 'बागेचे वेगळे पाणी' आहे अशी सोयीची समजूतही करून घेता येत नाही.

येथे माझे अर्थशास्त्री मित्र हात वर करतील. मी स्वतःही पूर्वी त्यांच्यातच होतो. पाण्याला योग्य किंमत लावा, बाकी सारे आपोआप होईल, असे मी अनेकदा लिहिले आहे. पाण्याला किंमत असावी हे मत मी सोडलेले नाही. पण या प्रश्नावर ते औषध लागू पडत नाही. हजार लिटरला तीस रुपये दर धरा. सात लाख लिटरांचे एकवीस हजार रुपये होतात. आमची सदनिका दोनशे चाळीस. प्रत्येकी वर्षाला साडेसत्त्याऐंशी रुपये, महिन्याला सात. दर दुप्पट केला तर महिन्याला पंधरा. पंधरा रुपयांसाठी सर्वसाधारण सभेत उभा राहून कोण भांडेल? घड्याळ लावणारा ठेकेदार पाण्याचे बिल भरत नाही. बिल भरणाऱ्याला पेटी उघडता येत नाही. ज्याला पाऊस दिसतो त्या माळ्याला ना बिल येते ना किल्ली मिळते. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीच्या तर्काविषयी जे लिहिले ते एम. ए.च्या वर्गात मी पाठ केले होते. त्याचे प्रात्यक्षिक माझ्याच सज्जाखाली फिरत असलेले ओळखायला मात्र मला एवढा पाऊस लागला.

किंमत जिथे पोहोचत नाही तिथे नियमाला काम असते. अमेरिकेतील वाचकांना हे सांगायला नको. माझा धाकटा भाऊ फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहतो. २०१९ साली त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा पन्हळीच्या टोकाला लावलेली ती डबी मी प्रथम पाहिली. दुपारी गडगडाट होऊन पाऊस झाला आणि दुसऱ्या पहाटे त्याचे फवारे उठलेच नाहीत. "कायदाच आहे दादा," तो म्हणाला. खरेच आहे. फ्लोरिडात दिल्लीहून पुष्कळ जास्त पाऊस पडतो आणि तरीही घरोघर हिरवळीला पाणी देतात. तेथे १ मे १९९१ पासून नवे स्वयंचलित सिंचन बसवणाऱ्याला, पुरेशी ओल असताना यंत्र थांबवणारे साधन लावणे कायद्याने बंधनकारक आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमीसारखा पाऊस असताना या साध्या डबीने सुमारे ३४ टक्के पाणी वाचवल्याचे आढळले. जमिनीतली ओल मोजणारे महागडे साधन त्याहून सरस ठरले, ७२ टक्के. ज्यांना ते परवडते त्यांनी अवश्य लावावे. मी बोलतो आहे ते किमान मर्यादेविषयी.

कायदा केला म्हणजे काम झाले असेही फ्लोरिडात घडले नाही, आणि आपल्याला उपयोगी आहे तो तिथला हाच भाग. डब्या लागल्या, मग बिघडल्या, चकत्या काही वर्षांत निकामी झाल्या, कुणी कळ फिरवून त्या वगळून टाकल्या. तेव्हा २००९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. परवानाधारक कंत्राटदार अशा यंत्रावर कोणतेही काम करायला आला की पाऊस ओळखणारे साधन चालते की नाही हे तपासण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. निरीक्षकांची फौज उभी केली नाही. जो माणूस तसाही पेटी उघडणारच आहे त्याच्याच गळ्यात ते काम बांधले.

आता आपल्याकडील आक्षेप. 'आपला पाऊस चारच महिन्यांचा, तेवढे दिवस यंत्र बंद ठेवले की झाले.' हे आमच्या ठेकेदाराचे म्हणणे, आणि सभेत त्याला टाळ्याही मिळाल्या. ज्याने दिल्लीचा श्रावण पाहिला नाही त्यानेच हे म्हणावे. येथे एक दिवस रस्त्यांच्या नद्या होतात आणि मग आठ-दहा दिवस आभाळ कोरडे, ऊन भाद्रपदाचे. तेवढ्यात हिरवळ करपते. शिवाय पौष-माघात पश्चिमेकडून येणारा पाऊस वेगळाच. असा लहरी पाऊस जिथे पडतो तिथेच या डबीचे खरे काम. कोकणासारखा लागून राहणारा पाऊस असता तर तिची फारशी गरजच नव्हती, तेथे आषाढात फवारे लावण्याचे धाडस कुणी करणार नाही.

दुसरा आक्षेप आमच्या संकुलातील तरुण मंडळींचा. ही जुनाट डबी कशाला, मोबाइलवरून चालणारा आणि हवामानाचा अंदाज वाचणारा नियंत्रक घ्या. त्यांच्या उत्साहाचा मला आदर आहे. पण सफदरजंगला पाऊस आणि द्वारकेत कोरडे, किंवा उलट, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. अंदाज शहराचा असतो, हिरवळ आमची. आणि ज्या समितीला साडेचार हजार जास्त वाटले तिने दरवर्षी सेवाशुल्क भरण्याच्या गोष्टी करू नयेत.

तिसरा आक्षेप माझ्या सेवेतील बांधवांचा, आणि तो मला सर्वांत जास्त टोचतो. 'पाणी हा राज्यांचा विषय. त्यात आणखी एक नियम म्हणजे आणखी एक निरीक्षक, आणि आणखी एक निरीक्षक म्हणजे आणखी एक पाकीट.' सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीची १७ वी नोंद मलाही पाठ आहे. ती दाखवून हात झटकण्याचे काम मीही केले आहे. पण केंद्र सरकार स्वतः किती हिरवळी राखते हे एकदा डोळ्यांसमोर आणा. वसाहती, कार्यालये, विश्रामगृहे, संस्था. या सर्वांची कामे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांनुसार आणि दरसूचीनुसार निघतात, आणि वस्तू बव्हंशी जेमवरून घेतल्या जातात. 'पावसात आपोआप न थांबणारे स्वयंचलित सिंचन स्वीकारले जाणार नाही' एवढे एक वाक्य त्या विनिर्देशांत घालायला घटनादुरुस्ती लागत नाही. संसदेचे अधिवेशन लागत नाही. एक टिप्पणी, एक परिपत्रक. 'ऐच्छिक' हा शब्द सरकारी यादीतून गेला की खासगी ठेकेदारांच्या यादीतूनही तो जाईल, कारण त्यांचे नमुने आमच्याच नमुन्यांवरून उतरवलेले असतात. आमच्या संकुलाची निविदाही तशीच उतरवलेली होती, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

याचा पुरावा दूर शोधायला नको. वातानुकूलन यंत्रांवर आणि शीतकपाटांवर तारांकित पट्टी २०१० साली सक्तीची झाली. त्यासाठी कुणी आपल्या स्वयंपाकघरात तपासायला आले का? नियम दुकानापाशी लावला, घरापाशी नाही. याउलट उदाहरण पाहायचे तर बंगळुरूचे पाहा. मार्च २०२४ मध्ये तेथे पाण्याचे दुर्भिक्ष टोकाला गेले तेव्हा बागांना आणि गाड्या धुण्यास पिण्याचे पाणी वापरण्यावर बंदी आली, पाच हजार रुपये दंडासह. अशा बंदीला पहारेकरी लागतो, तक्रार करणारा शेजारी लागतो आणि टंचाई ओसरली की दोघेही झोपतात. डबी झोपत नाही.

कागदी पूर्ततेची भीती मात्र खरी आहे, ती मी नाकारणार नाही. पर्जन्यजलसंचयनाचे काय झाले ते आपण पाहतो. दिल्लीत मोठ्या नव्या इमारतींना ते २००१ पासून सक्तीचे आहे, २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींनी शंभर चौरस मीटरच्या भूखंडापर्यंत ते आणले. खड्डे खणले गेले, दाखले मिळाले आणि कित्येक खड्ड्यांत आज पालापाचोळा आहे. म्हणून माझा आग्रह दाखल्यासाठी नाही, तांब्याभर पाण्यासाठी आहे. काम ताब्यात घेताना आणि नंतर दर देखभालीच्या बिलाआधी डबीवर पाणी ओतायचे. झडपा मिटल्या तर बिल मंजूर, नाही तर परत. ही चाचणी करायला अभियंता लागत नाही. आणि पेटीची एक किल्ली, हमी काहीही म्हणो, जो बागेत रोज उभा असतो त्याच्याकडे.

आमच्या संकुलात हे कसे घडले तेही सांगतो. मी सर्वसाधारण सभेत माझ्या सहीचा तक्ता वाचून दाखवला. थोडी कुजबुज झाली, एका निवृत्त शेजाऱ्यांनी "मग आता भरा तुम्हीच साडेचार हजार" असे सुचवले आणि ते अगदी गैर होते असे मी म्हणणार नाही. शेवटी ठराव झाला, २०२५ च्या उन्हाळ्यात डबी आली. कमी केलेल्या दोघा माळ्यांना परत घ्यावे असे मी लगोलग मांडले. त्याला अनुमोदक मिळाला नाही. त्यांपैकी एक आता नजफगडच्या बाजूला एका रोपवाटिकेत आहे असे कळते, दुसऱ्याचा पत्ता लागला नाही.

जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या पहाटे फवारे पुन्हा उठले. मी खाली जाऊन डबी शोधू लागलो. ठेकेदाराच्या माणसाने ती पहारेकऱ्याच्या चौकीला, छज्जाच्या आत, नीट स्क्रूने बसवली होती. कारण विचारल्यावर तो म्हणाला की महागाची वस्तू आहे, पावसात भिजून खराब होईल.

माळी माझ्या शेजारीच उभा होता. त्याला मी डबी उघडून चकत्या दाखवल्या. एक चकती त्याने बोटांत दाबून पाहिली, ओली करून पुन्हा दाबली. मग सबंध बागेला एक फेरी मारली. निंबाखाली नको म्हणाला, पंपघराच्या भिंतीशी नको, तिथे फवारा लागतो. सायकली ठेवण्याच्या जागेवरच्या लोखंडी आडव्या नळीवर त्याने बोट ठेवले. तेथे वर काही नव्हते, नुसते आभाळ. डबी आता तेथे आहे.